शिडी दोन हात वर निघावी

जनकाबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण पुढं पाच-सहा वर्षं चाललं. भांडण शिडीचं होतं. मी सुतार, शिड्या मी करायचो. ती मजूर, चढायची ती. त्यामुळे शिडीबद्दल माझ्यापेक्षा तिला जास्त कळत होतं. पण हे मला कळायला फार उशीर लागला.

आमच्या साखरा गावात तेव्हा बहुतेक घरं माळवदाची होती. लाकडी तुळया, त्यांवर दांड्या आणि फळ्या, त्यावर पाला, आणि सगळ्यांत वर हातभर मातीचा थर. पावसानं हा थर झिजतो. म्हणून दर उन्हाळ्यात पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढुरकी माती आणून वर पसरायची आणि चोपून घट्ट करायची. खालचं लाकूड कुजलेलं असलं तर ते बदलायला मला बोलावत. माती वर न्यायला जनकाबाई आणि तिच्या बायकांना.

जनकाबाई बौद्धवाड्यातली. तेव्हा चाळिशीची असेल. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत. नवरा बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच गेला होता. तिच्या हाताखाली पाच-सहा बायका असायच्या. त्यांत तिची धाकटी जाऊ भागूबाई आणि शेजारची मालनबाई या कायमच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं टोपलं, एक हात टोपल्याला आणि दुसरा शिडीला, अशा त्या बायका सकाळपासून दुपारपर्यंत वर-खाली करायच्या. एका घराला दीड-दोनशे टोपली सहज लागायची.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रामकिशनरावांच्या घराचं काम निघालं. गावातलं मोठं घर, जमीनजुमला भरपूर. त्यांच्याकडची शिडी मीच केलेली होती. बरोबर आठ हात. भिंतही आठ हातच. शिडी जराशी तिरपी लावली की तिचं वरचं टोक माळवदाच्या कडेखाली राहायचं. म्हणून रामकिशनरावांचा सालगडी कोंडीबा ती जवळजवळ उभीच लावायचा, म्हणजे टोक कडेपर्यंत पोचायचं.

जनकाबाईनं ती शिडी पाहिली, खालून हलवली, आणि माझ्याकडं वळली.

"ग्यानबादादा, ही शिडी तुमी केली?"

"हो, मीच."

"मंग दोन हात आखूड काहून केली?"

मी हसलो. म्हणालो, "आखूड कुठंय? भिंत आठ हात, शिडी आठ हात. बराबर हाय."

"भिंतीएवढी शिडी बराबर नसती दादा. दोन हात वर निघाया पाहिजे."

"वर कशाला? आभाळाला लावायची का?"

कोंडीबा मोठ्यानं हसला. तिच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. जनकाबाई हसली नाही.

"चढताना भेव न्हाई वाटत," ती म्हणाली. "सगळं भेव शेवटच्या पायरीवर असतंय. पाय शिडीवरून काढायचा अन् माळवदावर टाकायचा, त्या येळला हातात काय धरावं बाईनं? तुमची शिडी तर कडंच्या खालीच सरती. डोक्यावर टोपलं, हात रिकामा. अन् उतरताना तर अंगणाकडं पाठ करून, कडंवरून पाय खाली सोडून पायरी चाचपावी लागती. ती दिसत बी न्हाई. लुगडं पायात येतं. शिडी वर निघालेली असली तर तिला धरून बाजूनं पाय टाकता येतो."

मी म्हणालो, मालकांनी सांगितलं तेवढी केली. गोठा नऊ हात लांब, त्यात ती आडवी मावायला हवी. हे खरंच होतं. शिडीचं माप भिंतीवरून ठरलं नव्हतं, आणि चढणाऱ्यावरून तर नव्हतंच. ते गोठ्यावरून ठरलं होतं.

हे सगळं तिला ठाऊक होतं त्याला कारण होतं. लग्न झाल्यावर सुरवातीची काही वर्षं ती नवऱ्यासोबत दूर एका धरणाच्या कामावर होती. तिथं उत्तमसिंग नावाचा एक मिस्त्री होता. त्याचा नियम असा की वरून बांधल्याशिवाय शिडीवर कोणी पाय ठेवायचा नाही. चार हात उंची असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून एक हात बाहेर, आणि खाली एक माणूस पाय दाबून उभा. कोणी घाई केली तर उत्तमसिंग त्याला दिवसभर खाली बसवून ठेवायचा. तीन वर्षांत त्याच्या टोळीतलं एकही माणूस पडलं नाही, असं जनकाबाई सांगायची. काम असंही करता येतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणूनच तिचा जीव जास्त जळायचा. ज्यांनी पाहिलं नव्हतं ते, शिडी म्हटली की हलणारच, असं धरून चालायचे.

त्या दिवशी तिनं कमरेची दोरी सोडली. शिडीचं टोक वर बांधायला कडेला एक खुंटी ठोकू का, म्हणून विचारलं. कोंडीबा आत जाऊन आला. "मालक न्हाई म्हणत्यात. खुंटी ठोकली की तिथून पाणी मुरतंय."

"मंग दोरी कशाला बांधू?"

"नको बांधू. एवढे दिस बिन दोरीचंच झालं की."

तिनं दोरी परत कमरेला गुंडाळली आणि पहिलं टोपलं डोक्यावर घेतलं.

एक गोष्ट इथंच सांगायला पाहिजे. रामकिशनरावांच्या घरात माळवदावर जायला जिना होता. चांगला दगडी, सोळा पायऱ्यांचा. मी त्याच जिन्यानं माझी हत्यारं घेऊन वर जायचो. कोंडीबाही जायचा. पण जिना स्वयंपाकघराला लागून होता. त्यामुळे बौद्धवाड्यातल्या बायकांना बाहेरून शिडी. हे कोणी बोलून दाखवत नसे. शिडी लावलेली असायची, आणि त्या तिच्यावरून चढायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी भागूबाई पडली.

सकाळी अंगण सारवलं होतं आणि ते अजून पुरतं वाळलं नव्हतं. शिडीचा एक पाय त्या ओल्या सारवणावर होता. मी माळवदावर फळी बसवत होतो. भागूबाई रिकामं टोपलं काखेत धरून उतरायला कडेला आली. पाठमोरी झाली, एक पाय खाली सोडला, पायरी चाचपली. मी पाहत होतो. पाय पायरीला लागला, तिनं भार टाकला, आणि शिडी डावीकडं घसरत गेली. तिनं कडेची माती धरायला पाहिलं. मातीच ती, मुठीत आली.

ती ओरडलीसुद्धा नाही. खाली धप्प असा आवाज तेवढा झाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. बैलगाडीत कडबा पसरून तिला हिंगोलीला नेलं. दोन महिने ती तिकडंच होती. परत आली तेव्हा एक पाय आखूड झालेला. त्यानंतर ती कधी टोपलं उचलू शकली नाही. घरात बसून गोधड्या शिवायची.

गावात एकच बोललं गेलं: भागूबाईचा तोल गेला. दुसऱ्या दिवशी जनकाबाई रामकिशनरावांच्या अंगणात येऊन उभी राहिली. काम अर्धं राहिलं होतं, मीही तिथंच होतो.

"मालक, भागू पडली."

"समजलं," रामकिशनराव म्हणाले. वाईट माणूस नव्हता. गाडी त्यांचीच गेली होती. "तोल गेला म्हणे. जरा जपून उतराया पाहिजे होतं."

"तोल न्हाई गेला मालक. शिडी गेली."

"बाकीच्या बाया तीन दिस उतरून राहिल्या. त्या कशा न्हाई पडल्या?"

"त्या पडल्या न्हाईत म्हणून शिडी चांगली व्हती, असं असतंय का?"

रामकिशनरावांना हे आवडलं नाही. चारचौघांत असं कोणी त्यांना विचारत नसे. जनकाबाई थांबली नाही.

"पुढल्या साली आमाला लांब शिडी द्या. वर बांधाया जागा द्या. न्हाई तर आमाला जिन्यानं वर जाऊ द्या. आमी टोपली जपून नेऊ."

आतून त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा आवाज आला. "चुलीपुढून मातीची टोपली नेत्यात का कुणी?"

"तुमच्या चुलीवरच टाकायची हाय की माती, मालकीणबाई. छताच्या वरून."

"जास्त बोलू नको जनके," रामकिशनराव म्हणाले. "काम करायचं तर कर. न्हाई तर राहू दे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी सगळं पाहिलं होतं. शिडी कशी गेली, भागूबाईचा पाय कुठं होता, मला तंतोतंत सांगता आलं असतं. मी हातातल्या किकऱ्याची, लाकूड तासायच्या हत्याराची, धार बघत बसलो. मला कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून बोललो नाही.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात कोंडीबा निरोप घेऊन बौद्धवाड्यात गेला. जनकाबाईनं विचारलं, शिडी कोणती? तो म्हणाला, शिडी तीच. ती म्हणाली, मग आम्ही येत नाही.

तिला वाटलं होतं तिच्या बायका तिच्या बाजूनं उभ्या राहतील. त्या घरी बसल्या खऱ्या, पण रागानं. मालनबाईनं भर वाड्यात तिला ऐकवलं, "तुझ्या दोरीपायी आमच्या चुली इझाया लागल्या. मालकाला एवढं बोलाया कुणी सांगितलं व्हतं?"

"भागूला बघ जाऊन. मंग बोल."

"भागू पडली, तिचं नशीब. मी काय धा साल झाली चढून राहिले, पडले का?"

भागूबाईसुद्धा म्हणाली, "जाऊ दे जाऊबाई. झालं ते झालं. माझ्यापायी भांडू नका." हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. मला पुढं एकदा म्हणाली होती, "जिचा पाय मोडला तीच म्हणती जाऊ दे. मंग मी भांडू तरी कुणासाठी?"

रामकिशनरावांनी कामाला तांड्यावरच्या बायका आणल्या. पेमा नावाची एक धीट बाई त्यांची पुढारी होती. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी जनकाबाई उन्हातून तांड्यावर चालत गेली. पेमाला वाटलं ही भांडायला आली. जनकाबाईनं कमरेची दोरी सोडली आणि तिच्या हातात दिली.

"ती शिडी आखूड हाय. वर बांधून घे. न्हाई बांधू दिली तर एक बाई खाली पाय दाबून उभी कर. अंगण वलं आसंल तर पायाखाली पोतं टाक."

पेमानं दोरी घेतली. चार दिवसांनी ती दोरी परत द्यायला स्वतः आली. "बाई, बांधायला जागाच नाही तिथं. खाली एक बाई उभी केली तर कोंडीबा म्हणाला, एक बाई रिकामी उभी कशाला? तिलाबी टोपलं द्या."

त्यांच्यातलं कोणी पडलं नाही. झालं, गावाला पुरावा मिळाला. कोंडीबा पारावर सांगत सुटला, "बघा, तीच शिडी. जनकाबाईलाच नखरे लई."

मला वाटतं त्या वर्षी तिच्या बोलण्यातला कडवटपणा वाढला. कोणाच्याही दारात शिडी दिसली की ती थांबायची, हलवून बघायची, काहीतरी सुनवायची. लोक लांबूनच म्हणायचे, आली दोरीवाली. एकदा शाळेच्या पत्र्यावर चढलेल्या माणसाला तिनं खालून इतकं झापलं की तो उतरायचं विसरून वरच बसला. पोरं हसली, मास्तर हसले. ती घरी गेली आणि दोन दिवस बाहेर पडली नाही.

त्या पावसाळ्यात भादव्याची झड लागली आणि रामकिशनरावांचं माळवद गळायला लागलं. ते पेमाच्या बायकांमुळं नव्हे. स्वयंपाकघरावरची तुळई कुजली होती, मी ते सांगितलं होतं, पण पुढच्या साली बघू म्हणून राहिलं होतं. आठ दिवस द्वारकाबाईंनी चुलीभोवती पातेली मांडून स्वयंपाक केला. कोंडीबा तेवढा जिन्यानं वर जाऊन भोकांवर पोती टाकून आला.

शहात्तर साली काम टाळता येणार नव्हतं. तुळई बदलायची, अर्धं माळवद उकलायचं. तांड्यावरचे लोक ऊसतोडीवरून अजून परतले नव्हते. रामकिशनरावांनी मला बोलावलं.

"ग्यानबा, ती जनका म्हणती तशी शिडी कर एकदाची. डोक्याला ताप नको."

मला आनंद झाला. खरं सांगतो, भागूबाई पडल्यापासून माझ्या मनात काहीतरी सलत होतं. मी सरळ दांडे निवडले. साडेदहा हात लांबी धरली. पायऱ्या भोकांत पक्क्या बसवून पाचरी मारल्या. दांड्यांच्या खालच्या टोकांना लोहाराकडून लोखंडी अणी बसवून घेतली, म्हणजे जमिनीत रुतावी. जनकाबाईला बोलावलं. ती आली, दोन पायऱ्या चढली, अंग हलवून बघितलं, उतरली, पायऱ्यांमधलं अंतर वितीनं मोजलं.

"हं," म्हणाली. एवढंच. पण जाताना वळून परत एकदा शिडीकडं पाहिलं.

शिडी मी रामकिशनरावांकडं पोचवली. काम दोन दिवसांनी सुरू होणार होतं. त्या सकाळी जनकाबाई पाच बायका घेऊन अंगणात आली, तेव्हा मी तिथं हत्यारं काढत होतो. शिडी भिंतीला लावलेली होती. तिचं वरचं टोक कडेला टेकत होतं. ना वर, ना खाली.

आधी मला कळलंच नाही. मग दांड्यांची टोकं दिसली. ताजी कापलेली, पांढरी. खाली लाकडाचा भुसा पडला होता.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," कोंडीबा म्हणाला. "गोठ्यात मावंना. दीड-दोन हात दाराबाहेर येऊन राहिली. बैलाला लागंल म्हणून मालक म्हणले काप."

मी जनकाबाईकडं पाहायचं टाळलं. ती खाली बसली. अंगणात, मातीत, तशीच.   रामकिशनराव बाहेर आले, म्हणाले, "मजबूत हाय की शिडी. नवीन हाय. आता काय झालं?"

तिनं वर पाहिलं. "मालक, गोठ्याच्या भिंतीला बाहेरून दोन खुट्या मारून आडवी टांगली असती. बैलाला बी लागली नसती, माणसाला बी पुरली असती."

"हे आधी सांगायचं."

"दोन साल झाली सांगून राहिले."

ती उठली आणि टोपलं उचलून चालू लागली. मला वाटलं बायका थांबतील. मालनबाई शिडीजवळ गेली, मान उंच करून त्या कापलेल्या टोकांकडं बघत राहिली. मग तिनं आपलं टोपलं पालथं केलं, काखेत मारलं आणि जनकाबाईच्या मागं निघाली. "आखूड व्हती ते येगळं," जाता जाता ती कोंडीबाला म्हणाली. "लांब केलेली कापली म्हंजी काय?" मग सगळ्याच गेल्या.

दुपारी जनकाबाई माझ्या दारात आली. मी काम सोडून घरी येऊन बसलो होतो.

"दादा, मला शिडी करून द्या. माझी सोताची."

"तुझी?"

"मालकाची शिडी मालकाच्या गोठ्याएवढीच ऱ्हानार. माझी माझ्याएवढी करू. मजुरीला तुमच्या माळवदावर माती टाकून देते."

माझ्याकडं जाड बांबू होते. त्याचीच करायची ठरली, म्हणजे बायकांना उचलायला हलकी. तीन दिवस ती रोज येऊन समोर बसायची. पायरी किती अंतरावर, ओल्या पायाला घसरू नये म्हणून पायरीला सुतळी कशी गुंडाळायची, सगळं तिच्या सांगण्यावरून झालं. माझी बायको तिला पाणी द्यायची ते वरून ओंजळीत. हे मी न सांगता पुढं जाऊ शकलो असतो. रामकिशनरावांच्या जिन्याबद्दल सांगतो, तर हेही सांगायला पाहिजे.

शिडी झाली. चार बायकांनी ती खांद्यावर घेतली आणि गावातून नेली. पोरं मागं धावली, पारावरच्या माणसांनी विचारलं, कुणाची वरात निघाली? जनकाबाई पुढं होती. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. वाड्यातल्या समाजमंदिराच्या भिंतीला बाहेरून तिनं तीन खुंट्या मारून घेतल्या आणि शिडी आडवी टांगली.

रामकिशनरावांना आठ दिवस दुसरे मजूर मिळाले नाहीत. आभाळ भरून यायला लागलं. शेवटी निरोप गेला: तुझी शिडी घेऊन ये. द्वारकाबाईंची कुरकुर होतीच, वाड्यातली शिडी आपल्या भिंतीला लावायची म्हणून. रामकिशनराव म्हणाले, "आता गळतं चुलीवर घ्यायचं का शिडी भिंतीला, ते ठरव."

बांधायला जागा नव्हती, ती मी केली. नवी तुळई बसवताना तिचं टोक भिंतीबाहेर हातभर तसंच सोडलं, शिडी टेकायची त्या जागी, कडेच्या जरा खाली. रामकिशनराव खालून म्हणाले, "हे काहून सोडलं? काप की."

"राहू द्या मालक. लाकूड ओलं हाय, आत बसतंय. कापलं तर पुढं आखूड पडंल."

खोटंच बोललो. लाकूड चांगलं वाळलेलं होतं. ते आत गेले. जनकाबाईनं त्या टोकाला दोरीचे दोन वेढे दिले, शिडी आवळली, खाली मालनबाईला पाय दाबायला उभं केलं आणि पहिलं टोपलं घेऊन चढली. कडेशी आल्यावर टोपलं सांभाळत वर निघालेला दांडा धरला आणि बाजूनं पाय टाकून माळवदावर गेली. इतकं साधं होतं ते. मी तिथंच बसून होतो आणि मला भागूबाईच्या मुठीतली माती दिसत होती.

काम पाच दिवस चाललं. एक बाई खाली उभी ठेवल्यानं अर्धा दिवस जास्त लागला. कोंडीबानं तो गावभर सांगितला.

यानंतर सगळं गाव शहाणं झालं असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. तसं झालं नाही. आमच्या गावात तीन-चार घरांनी तिची शिडी चालवून घेतली. बाकीच्यांनी तोंड वाकडं केलं. शिडी बांधण्यात वेळ जातो, ही बाई फार बोलते, हिला बोलवायला नको. आखाडा बाळापूरकडं तिची लेक दिली होती. तिकडं जाऊन आली की रागानं लाल झालेली असायची. "तिकडं तर दादा, पिंपावर शिडी ठेवत्यात. पिंपावर! अन् मी बोलले तर जावई म्हणतो, आत्याबाई, तुमी पाहुण्या हाव, बसा." अठ्ठ्याहत्तरमध्ये शेजारच्या गावात एक बाई माळवदावरून उतरताना पडून मेली. ती बातमी आली तेव्हा जनकाबाई माझ्याच दारात होती. तिनं एवढंच विचारलं, "शिडी वर निघालेली व्हती का?" निरोप आणणाऱ्याला ते माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. कोणी ते पाहिलंच नव्हतं.

"बघा," ती मला म्हणाली. "माणूस मेलं तरी शिडीचं कुणी इचारत न्हाई."

मी म्हणालो, तुझ्या टोळीतलं तर कोणी पडलं नाही. ती उसळली. "न्हाई पडलं म्हणूनच तर कुणाला पटत न्हाई! न पडलेली बाई दाखवता येती का कुणाला?"



एकोणऐंशी साली रामकिशनरावांनी जुन्या घराशेजारी नवं स्लॅबचं घर बांधलं. दारं-खिडक्या माझ्याकडं होत्या. स्लॅबच्या कामाला जनकाबाई टोळी घेऊन आली होती, तिची शिडी घेऊनच. जिना कुठून काढायचा यावर मिस्त्रीशी बोलणं चाललं होतं. मिस्त्री म्हणाला, बाहेरून काढला तर सगळ्यांनाच सोयीचा. या वेळी मी तोंड उघडलं. म्हणालो, मालक, बाहेरूनच काढा, गडीमाणसाला वर जाता येईल. पण द्वारकाबाईंना पापड-कुरडया वाळवायला आतूनच जिना हवा होता. तो आतून निघाला.

जनकाबाईला हे कळलं तेव्हा ती खडी वाहत होती. तिनं पाटी खाली ठेवली, तोंड पुसलं.

"पैल्यांदा बोललात तुमी, दादा."

"पण झालं कुठं काय?"

"न्हाई झालं," ती म्हणाली. "पण पाच साल आधी बोलला असता तर भागूच्या बाजूनं एक माणूस तरी झालं असतं."

ते खरं होतं, आणि तिनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मी काही बोलायच्या आत मिस्त्रीनं हाक मारली. ती वळली. तिच्या टोळीतली एक नवी बाई, तांड्यावरच्या थावराची सून, शिडीला हात लावून चढायच्या बेतात होती आणि वरची दोरी अजून बांधलेली नव्हती.

"ए बाई! उतर खाली!" जनकाबाई एवढ्या जोरात ओरडली की वरचा मिस्त्रीही जागच्या जागी थबकला. "आधी दोरी. मंग पाय."

ती सून बावरून खाली उतरली. जनकाबाईनं पाटी तिथंच सोडली, दोरी दातांत धरली, मालनबाईला शिडीच्या पायाशी उभं केलं आणि स्वतः बांधायला वर चढली. मिस्त्री घड्याळाकडं बघत होता.